ऑलिंपिकचा इतिहास आणि सहा ठळक शब्द

इंग्रजी शिकणाऱ्यांच्या ग्रुपांवर सध्या एक उतारा फार फिरतोय. ‘अ‍ॅडव्हर्ब ऑफ डिग्री’चा, म्हणजे ‘किती प्रमाणात’ हे सांगणाऱ्या क्रियाविशेषणांचा, सराव व्हावा म्हणून तो बेतलाय आणि विषय घेतलाय ऑलिंपिकचा इतिहास. ‘एक्झॅक्टली’, ‘कम्प्लीटली’, ‘एंटायरली’ असे शब्द ठळक केलेत. उताऱ्याचं म्हणणं थोडक्यात असं: मशालीची दौड प्राचीन ग्रीसमध्ये होती अगदी तशीच आज चालते. स्पर्धेच्या काळात ग्रीसमधली सगळी युद्धं पूर्णपणे थांबत. खेळाडू निव्वळ हौशी असत. ऑलिंपिक ही जगातली सर्वांत जुनी आंतरराष्ट्रीय स्पर्धा आहे. सुवर्णपदक संपूर्ण सोन्याचं असतं. आणि खाली टीप: हे शब्द वाक्याला फक्त जोर देतात, गाळले तरी अर्थ बदलत नाही.

व्याकरणात खोट काढायला जागा नाही. बाकी सगळीकडे आहे.

मशालीपासून सुरुवात करू, कारण हा समज सर्वांत घट्ट बसलाय. ऑलिंपियात हेस्टिया देवतेच्या वेदीवर अग्नी तेवत असे, हे खरं. हातात मशाल घेऊन पळण्याच्या शर्यतीही ग्रीकांकडे होत्या, पण त्या अथेन्सच्या देवोत्सवांत. ऑलिंपियाहून यजमान शहराकडे ज्योत नेण्याचा प्रश्नच नव्हता, कारण स्पर्धा दर वेळी ऑलिंपियातच भरायची. आधुनिक ऑलिंपिकमध्ये ज्योत पहिल्यांदा पेटली ती १९२८ साली, अ‍ॅमस्टरडॅमच्या स्टेडियममधल्या मनोऱ्यावर. पेटवणारा कुणी विजेता नव्हता, शहराच्या वीज कंपनीतला एक कर्मचारी होता. दौड आणखी आठ वर्षांनी आली. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकसाठी आयोजन समितीचे सरचिटणीस कार्ल डीम यांनी ती योजली. मशाली क्रुप कंपनीने बनवल्या. ३,०००हून जास्त धावकांनी सात देशांतून ज्योत बर्लिनला नेली आणि नाझी राजवटीने त्या सोहळ्याचा प्रचारासाठी पुरेपूर वापर करून घेतला.

याच दौडीने आणखी एक गैरसमज जन्माला घातला. वाटेत डेल्फी इथे झालेल्या सोहळ्यासाठी पाच वर्तुळं कोरलेला एक दगड तयार केला होता. तो तिथेच राहिला. पुढे काही लेखकांना तो प्राचीन वाटला आणि वर्तुळंही ग्रीकांचीच असल्याचं छापून आलं. वास्तविक ती आधुनिक ऑलिंपिकचे जनक कुबर्टिन यांनी १९१३ साली काढली आणि ऑलिंपिकच्या मैदानावर ध्वजासह ती पहिल्यांदा फडकली १९२० साली अँटवर्पमध्ये.

आता युद्धबंदी. उताऱ्यात इथे दोन शब्द ठळक आहेत, ‘ऑल’ आणि ‘कम्प्लीटली’, आणि दोन्ही चुकीचे. ‘एकेखेरिया’ नावाचा करार होता, तो पवित्र मानला जाई, इथपर्यंत बरोबर. पण त्याचं काम मर्यादित होतं: ऑलिंपियाला येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटेत कुणी हात लावायचा नाही आणि यजमान एलिसच्या भूमीवर चाल करायची नाही. दोन राज्यांचं दुसरीकडे युद्ध जुंपलेलं असेल तर ते चालूच राहायचं. हा मर्यादित करारही नेहमी पाळला गेला नाही. इ.स.पू. ४२० मध्ये तो मोडल्याचा ठपका स्पार्टावर आला. २,००० मिनांचा (मिना हे ग्रीक चलन) दंड झाला. आपल्याला कराराची घोषणा कळलीच नव्हती, असं सांगून स्पार्टाने तो भरायचं नाकारलं आणि त्यांना स्पर्धेतून बाहेर ठेवण्यात आलं. इ.स.पू. ३६४ मध्ये तर कहर झाला. यजमानपद हिरावलं गेलेल्या एलिसच्या सैन्याने पेंटॅथ्लॉन ही पाच खेळांची स्पर्धा चालू असतानाच हल्ला केला आणि लढाई थेट ऑलिंपियाच्या पवित्र आवारात झाली. आधुनिक काळात उलटच घडलं: युद्ध थांबलं नाही, १९१६, १९४० आणि १९४४ ची ऑलिंपिकं रद्द झाली.

हौशीपणाबद्दल. ऑलिंपियात विजेत्याला ऑलिव्हच्या फांदीचा मुकुट मिळे, त्यामुळे ‘प्युअरली’ हा शब्द सुचला असावा. पण गावी परतल्यावर? सोलोनच्या कायद्याप्रमाणे अथेन्समध्ये ऑलिंपिक विजेत्याला ५०० द्राक्मा मिळत, शिवाय सरकारी खर्चाने जेवण. अथेन्सच्या पॅनाथेनिक स्पर्धेत तर बक्षीसच तेलाने भरलेल्या रांजणांचं असे. ‘पैसे घेतले की खेळ बाटला’ हा विचार एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडचा. तिथल्या हेनली नौकाशर्यतीच्या नियमांत कारागीर आणि मजूर यांनाच हौशी मानत नसत. म्हणजे मुद्दा पैशापेक्षा वर्गाचा होता. त्या विचाराची किंमत अमेरिकेचा खेळाडू जिम थॉर्पने मोजली. १९१२ साली जिंकलेली दोन सुवर्णपदकं पुढच्याच वर्षी काढून घेतली गेली, कारण त्याआधी तो थोड्याशा पैशांसाठी बेसबॉल खेळला होता. दोन्ही स्पर्धांचा एकमेव विजेता म्हणून त्याचं नाव पुन्हा लागायला २०२२ साल उजाडलं.

‘सर्वांत जुनी आंतरराष्ट्रीय स्पर्धा’ हे ऐकायला बरं वाटतं. परंपरेने सुरुवातीचं वर्ष इ.स.पू. ७७६ धरतात. पण भाग घेण्यासाठी ग्रीक असावं लागे. मॅसेडोनियाचा राजा पहिला अलेक्झांडर याला आपलं मूळ ग्रीक असल्याचं आधी सिद्ध करावं लागलं होतं. रोमन सत्ता आल्यावर नियम सैल झाले, इतके की इ.स. ६७ मध्ये सम्राट नीरो रथातून पडला, शर्यत पुरी करू शकला नाही, तरी मुकुट त्यालाच. आणि १८९६ पासूनचं आधुनिक ऑलिंपिक मोजायचं तर अमेरिका आणि कॅनडा यांचा क्रिकेट सामना १८४४ सालीच झाला होता, इंग्लंड-स्कॉटलंड फुटबॉल सामना १८७२ साली. ‘वन ऑफ दि ओल्डेस्ट’ म्हटलं असतं तर माझी तक्रार नव्हती.

पदकाचं दोन ओळींत आटपतं. १८९६ साली पहिल्या क्रमांकाला रुपेरी पदक होतं, सोनेरी १९०४ पासून. अस्सल सोन्याचं शेवटचं पदक १९१२ साली दिलं गेलं. आजचं सुवर्णपदक मुख्यतः चांदीचं असतं आणि त्यावर किमान ६ ग्रॅम सोन्याचा मुलामा असतो.

राहिली ती टीप, आणि शिकणाऱ्याचं खरं नुकसान तीच करते. ‘व्हेरी’सारख्या शब्दाबाबत ती एक वेळ चालून जाईल. पण ‘पार्टली’, ‘हार्डली’, ‘ऑलमोस्ट’, ‘टू’ (too) हे शब्द जोर देत नाहीत, विधानाची हद्द ठरवतात. १९०८ची लंडन मॅरेथॉन घ्या. इटलीचा डोरांडो पिएत्री सर्वांत पुढे स्टेडियममध्ये शिरला, चुकीच्या दिशेला वळला, पुन्हा पुन्हा कोसळला आणि अधिकाऱ्यांनी आधार दिल्यावर रेषेपार गेला. तो ‘व्हेरी टायर्ड’ होता असं लिहिलं तर स्वतःच्या पायांवर शर्यत संपवण्याची शक्यता शिल्लक राहते. ‘टू टायर्ड टू फिनिश अलोन’ लिहिलं की ती मिटते, आणि घडलं तेच होतं. अमेरिकेने हरकत घेतली, पिएत्री बाद झाला, सुवर्णपदक जॉनी हेजला मिळालं. ‘पिएत्री ऑलमोस्ट वन’ हे वाक्य खरं आहे. त्यातला ‘ऑलमोस्ट’ टिपेत सांगितल्याप्रमाणे गाळून पाहा: हेजचं नाव निकालातून खोडावं लागेल.