गाडीचं बुकिंग करण्याआधी मागच्या सीटवर कोण बसणार ते बघा

गेल्या गुरुवारी स्वामींच्या दर्शनाला अक्कलकोटला जायचं ठरलं होतं. आमची जुनी पेट्रोल गाडी गॅरेजला होती, म्हणून दिराची कॉमेट, एमजीची छोटी इलेक्ट्रिक गाडी, दारात आणून लावली. पुढची सीट सासऱ्यांची, त्यांना पाय लांब करूनच बसावं लागतं. मी आणि सासूबाई मागं. यांनी खटका ओढला, पुढची सीट दुमडून सरकली, मागं जायला वाट झाली. सासूबाईंनी एका हातानं दाराची कड धरली, दुसऱ्या हातानं निऱ्या सावरल्या, उजवा पाय आत ठेवला आणि तिथंच थांबल्या. दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालीत त्यांच्या. वाकून, कमरेतून वळून आत शिरायचं आणि मग टेकायचं, हे काही जमेना. दोनदा प्रयत्न केला. मग हळूच म्हणाल्या, "मी नाही बाई चढायची ह्यात. तुमी जावा." आणि पिशवीतला नारळ माझ्या हातात देऊन घरात गेल्या.

तीन महिने आमच्या घरात टाटाची इलेक्ट्रिक टियागो घ्यायची का कॉमेट, यावर वही भरत होती. बॅटरी, किंमत, हप्ता, चार्जिंगचे तास, सगळं लिहून काढलं होतं. सासूबाईंचे गुडघे त्या वहीत कुठंच नव्हते. म्हणून हे लिहितेय. सोलापुरात सध्या बरीच घरं याच दोन गाड्यांपाशी अडली आहेत, रोज कुणीतरी विचारतं.

आधी कॉमेटबद्दल मनापासून चांगलं सांगते, कारण दिराची गाडी मी पंधरा दिवस चालवली आहे. लांबी तीन मीटरच्या आत, 2974 मिलिमीटर. आपल्या चाटी गल्लीत, मधल्या मारुतीजवळ, नवी पेठेत संध्याकाळी सहाला गाडी घालणं म्हणजे काय असतं ते वेगळं सांगायला नको. तिथं ही गाडी रिक्षासारखी वळते. दोन मोटारसायकली निघाल्या की तेवढ्या जागेत लागते. गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत होम मैदानाच्या बाजूला मी ती जिथं उभी केली, तिथं दुसरी कुठली गाडी मी नेलीच नसती. पुढं बसायला ऐसपैस आहे, काचा मोठ्या, समोरचं सगळं दिसतं. दिराचं दुकान नवी पेठेत, घर अशोक चौकात, दिवसाला पंधरा-वीस किलोमीटर आणि बहुतेक वेळा एकटाच माणूस. त्यानं योग्य गाडी घेतली, यात मला शंका नाही.

पण दारं दोनच. आणि मागची सीट सरळ असताना सामानाला जागा जवळजवळ नाही. चौघं बसलो की पिशव्या मांडीवर.

टियागोला चार दारं आणि मागं 240 लिटरची डिकी. इलेक्ट्रिक असली तरी ती आपली नेहमीची गाडी आहे, आणि आमच्यासारख्या घराला तेच हवं असतं. शनिवारी सासूबाईंना मुद्दाम शोरूमला नेलं. त्या दार उघडून आधी सीटवर टेकल्या, मग एकेक पाय उचलून आत घेतला. कुणी हात धरला नाही. बसून झाल्यावर माझ्याकडं बघून नुसती मान हलवली.

आता रेंज, म्हणजे एका चार्जिंगमध्ये गाडी किती जाते ते. टियागोची मोठी बॅटरी 24 युनिटची, लहान 19.2 ची. 2022 मध्ये गाडी आली तेव्हा कागदावर 315 आणि 250 किलोमीटर होते. कॉमेट 2023 ची, बॅटरी 17.3, कागदावर 230. हे आकडे ठरावीक चाचणीतले असतात. एका शोरूममध्ये (नाव घेत नाही) मुलानं मला छातीठोक सांगितलं, "मॅडम, पुण्याला डायरेक्ट जाल." पुणं इथून अडीचशे किलोमीटर. मे महिन्यात, एसी लावून, हायवेच्या वेगानं, चार माणसं घेऊन! असं सांगून एखाद्या कुटुंबाला भिगवणजवळ रस्त्यावर उभं करणार का? मला फार राग आला.

दिराची कॉमेट उन्हाळ्यात एसीसह दीडशेच्या आसपास जाते. अक्कलकोट जाऊन-येऊन ऐंशी, तुळजापूर घाट चढून नव्वद, दोन्ही निवांत होतात. पंढरपूर जाऊन-येऊन दीडशे म्हटलं की जीव टांगणीला. कॉमेटला हायवेवरचं डीसी फास्ट चार्जिंग, म्हणजे वाटेत थांबून झटपट चार्ज करायची सोय, नाही. टियागोला आहे, 10 टक्क्यांवरून 80 टक्क्यांवर साधारण तासाभरात जाते. आमचं पंढरपूर वर्षातून तीन-चारदा असतं, आणि सासऱ्यांना एसी बंद करा असं मी सांगणार नाही.

टेस्ट ड्राइव्ह सकाळी गार वेळेला घेऊ नका. आम्ही दुपारी दोनला घेतली, सात रस्ता ते होटगी रोड, चौघं बसून. गाडी उन्हातच उभी होती, स्टिअरिंगला हात लावता येत नव्हता. एसी किती वेळात मागच्या माणसापर्यंत पोचतो आणि स्क्रीनवरची टक्केवारी किती उतरते, हे तेव्हाच कळतं.

पैशाचं थोडक्यात. कॉमेट बॅटरी भाड्यानं घेऊन स्वस्तात मिळते, 2024 मध्ये ही योजना आली तेव्हा गाडी 4.99 लाखांना आणि वर किलोमीटरला अडीच रुपये. महिन्याला हजार किलोमीटर चालवलं तर अडीच हजार भाडं, विजेचं बिल वेगळं. कमी फिरणाऱ्याला परवडतं, आमचं फिरणं बघता नको वाटलं. घरी चार्ज करताना युनिटला 12 रुपये धरले तरी टियागो किलोमीटरला दीड-दोन रुपयांत जाते. आमची पेट्रोल गाडी सहा रुपये खाते.

आणि एक गोष्ट शोरूममध्ये कुणी बोललं नाही. अर्थिंग! दिराच्या घरी एप्रिलमध्ये गाडी चार्जिंगला लावली की थोड्या वेळानं चार्जरवर लाल दिवा लागायचा. गाडी बिघडली म्हणून सगळे घाबरले. इलेक्ट्रिशियननं मीटर लावून बघितलं तर अर्थिंग नावालाच. वाड्यातला मीठ-कोळशाचा जुना खड्डा, उन्हाळ्यात माती पार सुकून गेलेली. त्यानं खड्ड्यात चार बादल्या पाणी ओतलं आणि तासाभरानं गाडी मुकाट्यानं चार्ज व्हायला लागली. तो तात्पुरता उपाय. नंतर नवीन खड्डा काढून घेतला, चार्जरसाठी मीटरपासून जाड वायर वेगळी ओढली. जुन्या पेठांतल्या घरांनी हे गाडीच्या आधी करून घ्या, चार्जर नाही म्हणतो ते आपल्याच जिवासाठी.

जादा चाक मी बघितलेल्या दोन्ही गाड्यांत नाही, पंक्चरचं किट असतं. ते वापरायला डिलिव्हरीच्या वेळीच शिकून घ्या.

आम्ही टियागो बुक केली, मोठ्या बॅटरीची. लहान बॅटरीत पैसे वाचत होते, यांचं मन तिकडं होतं, पण पंढरपूरचा हिशेब मांडल्यावर तयार झाले. जुळे सोलापूरला आमच्या घरामागं रविवारी अर्थिंगचा खड्डा खणायला माणूस येतोय. तो गुरुवारचा नारळ मी अक्कलकोटला नेलाच नाही, देवघरात ठेवलाय. गाडी आली की सासूबाईच घेऊन जातील.