वसईचा ख्रिस्ती म्हणजे फक्त नाताळ नव्हे

वसईच्या ख्रिस्ती समाजावरचा तुमचा लेख आवडला, पण त्यात वसईतला ख्रिस्ती माणूस फक्त नाताळचे तारे आणि केक यांतच दिसतो, याचं वाईट वाटलं. आमचा धर्म रोजच्या जगण्यात आहे. संध्याकाळी दिवा लागला की आजी भिंतीवरच्या क्रूसासमोर बसायची, लाल लुगड्याचा पदर डोक्यावर, हातात रोझरी. त्या जपमाळेचा एकेक मणी सरकताना शेजारच्या घरातूनही तीच प्रार्थना ऐकू यायची. तिच्या तरुणपणी मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, लॅटिनमध्ये असे. अर्थ कळत नसला तरी धर्मगुरूंना द्यायची उत्तरं तोंडपाठ. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) मिस्सा मराठीत आली. "देव आपल्या बोलीत बोलायला लागला," असं ती म्हणायची.

आणि मयताचं घर! माझे वडील गेले तेव्हा आमच्या घरी चूल पेटली नाही, तरी कुणी उपाशी राहिलं नाही. शेजारच्या हिंदू काकूंनी पहाटेच चहाचं पातेलं आणून ठेवलं होतं. २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, आम्ही कबरीवर मेणबत्त्या लावतो. काकू आजही न सांगता अंगणातली झेंडूची फुलं पाठवतात.