फ्रेमसेट गेला, ओपनर आहेच

नमस्कार. ब्राउझरच्या खिडक्यांनी जावास्क्रिप्टमधून एकमेकींशी कसं बोलायचं, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: फ्रेमसेट (एका खिडकीचे तुकडे करून प्रत्येकात वेगळं पान दाखवणारा टॅग) इतिहासजमा झाला, ओपनरचा (नव्या खिडकीला ती उघडणाऱ्या खिडकीकडे नेणारा दुवा) धोका ब्राउझरनेच संपवला, पोस्टमेसेजमध्ये (एका खिडकीतून दुसरीला निरोप धाडणारं फंक्शन) ओरिजिनच्या, म्हणजे निरोप कोणत्या साइटसाठी आहे त्या पत्त्याच्या, जागी स्टार (*) टाकला की काम भागतं आणि नाहीतर अनेक खिडक्यांना एकदम निरोप देणारा ब्रॉडकास्टचॅनल आहेच. मग ठाण्या-ऐरोलीत नोकरी शोधणाऱ्या पोरांच्या माथी हे जुनं जावास्क्रिप्ट कशाला मारायचं?

फ्रेमसेटबद्दल वाद नाही. १९९६ मध्ये नेटस्केप २.० बरोबर तो आला, एचटीएमएल५ ने मोडीत काढला. आयफ्रेम, म्हणजे पानात दुसरं पान बसवणारी चौकट, मात्र ठाण मांडून आहे; ऑनलाइन पैसे भरताना कार्ड नंबर टाकायचा चौकोन बऱ्याचदा त्यातूनच येतो.

ओपनरबद्दल तुमचं अर्धंच खरं. टार्गेट ब्लँक असलेल्या (नव्या टॅबमध्ये उघडणाऱ्या) लिंकला क्रोम ८८ पासून, म्हणजे जानेवारी २०२१ पासून, नोओपनर, म्हणजे ओपनर न देण्याची सूचना, आपोआप लागू होतं. जावास्क्रिप्टच्या विंडो डॉट ओपनने उघडलेल्या खिडकीला ते लागत नाही. तिथलं पान परक्या डोमेनचं असलं तरी ओपनर त्याच्या हाती लागतो. त्याला तुमच्या पानातलं एक अक्षर वाचता येत नाही, तुमचा पत्तासुद्धा नाही. पण ओपनर डॉट लोकेशनमध्ये नवा पत्ता लिहिता येतो! माणूस जुन्या टॅबवर परततो, समोर हुबेहूब तुमच्यासारखं लॉगिनचं पान, आणि तो मुकाट पासवर्ड टाकतो. ओपनच्या तिसऱ्या आर्ग्युमेंटमध्ये (कंसातल्या तिसऱ्या जागी) नोओपनर लिहिलं की हे थांबतं. मात्र मग ओपन तुम्हाला नल (रिकामं उत्तर) परत देतं आणि ती खिडकी तुमच्याही ताब्यात राहत नाही.

आता स्टार. लेखातलंच उदाहरण घेऊ: वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमधल्या गाळ्याचा हिशेब. एका खिडकीत उधारीची यादी, दुसरीत बिल. दोन्ही एकाच ओरिजिनवर असेपर्यंत बिलाचं पान ओपनरमधून यादीतली बाकी थेट बदलू शकतं. बिल सबडोमेनवर (मूळ नावाआधी आणखी एक शब्द जोडलेल्या पत्त्यावर) नेलं की होस्ट बदलला, आणि स्कीम (एचटीटीपी की एचटीटीपीएस), होस्ट (साइटचं नाव), पोर्ट (पत्त्यातला क्रमांक) यांतलं काहीही बदललं की ओरिजिन वेगळा. मग ओपनरमधून बाकी बदलायला गेलं की सिक्युरिटी एरर येणारच. म्हणून तिथे पोस्टमेसेज. त्यात स्टार म्हणजे ‘खिडकीत आत्ता जे पान असेल त्याला दे’. मुनीमजी बिलावरच्या एखाद्या लिंकवरून भलत्याच साइटवर गेले असतील, तर गिऱ्हाइकाचं नाव आणि बाकी त्या साइटच्या पदरात. पूर्ण ओरिजिन लिहिला असता तर ब्राउझरने तो मेसेज पोचवलाच नसता. ‘आमच्याकडे वर्षानुवर्षं चालतंय’ म्हणता, ते आजवर खिडकीत योग्य पान होतं म्हणून.

घेणाऱ्या बाजूलाही इव्हेंट डॉट ओरिजिन, म्हणजे मेसेज जिथून आला तो ओरिजिन, पूर्ण जुळवून पाहायचा. तुम्ही दिलेल्या कोडमध्ये इंडेक्सऑफने नुसतं डोमेनचं नाव शोधलंय. ते नाव पोटात घेतलेलं लांब डोमेन कुणीही विकत घेऊ शकतो.

ब्रॉडकास्टचॅनल मलाही आवडतो, पण तो एकाच ओरिजिनच्या आत चालतो. बिल सबडोमेनवर असेपर्यंत त्याचा उपयोग शून्य. ते मूळ होस्टवर परत आणता येत असेल तर खुशाल तोच वापरा. खिडकी नोओपनरने उघडा, बाकी बदलली की चॅनलवर सांगा, आणि ओपनरचं नावही कोडमध्ये यायला नको.