लेडिंगचं खापर मऊ शिशावर फोडू नका

नेमबाजांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज सध्या जोरात फिरतोय. आमच्या नाशिकच्या ग्रुपवरही तो आला आणि कुणी पूर्ण वाचायच्या आत पुढे ढकललाही गेला. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: पिस्तुलाच्या बॅरलमध्ये शिसं साचतं (यालाच लेडिंग म्हणतात), कारण गोळी मऊ असते, ती तापून वितळते आणि पोलादाला चिकटते. म्हणून ओतीव गोळी जितकी कडक तितकी चांगली. तरीही साचलंच, तर सरावाच्या शेवटी चार-दोन जॅकेटेड, म्हणजे तांब्याचं कवच असलेल्या, गोळ्या झाडाव्यात, बॅरल लख्ख होतं. त्यातूनही उरलं, तर व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइड निम्मे-निम्मे घेऊन बॅरल भरून ठेवावं. आणि शिसं कातडीतून आत जात नाही, तेव्हा हे सगळं घरी बिनधास्त करावं.

मूळ मजकूर उघडच अमेरिकी हौशी मंडळींचा आहे. तिकडे लोक घरी गोळ्या ओततात आणि काडतुसं भरतात. आपल्याकडे १९५९च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे दारूगोळा बनवायला परवाना लागतो, त्यामुळे तो भाग आपल्या कामाचा नाही. पण उघड्या शिशाची गोळी आपणही झाडतोच. .२२ लाँग रायफलची गोळी शिशाचीच, आणि सेंटर फायर (मोठ्या बोरच्या पिस्तुलाचा २५ मीटर प्रकार) खेळणाऱ्यांचं .३२चं वॅडकटर, म्हणजे सपाट तोंडाची गोळी, तीही शिशाचीच. म्हणून हा मेसेज चुकीचा असेल तर त्याचा फटका आपल्याही बॅरलला बसतो.

आधी वितळण्याचं बघू. शुद्ध शिसं ३२७ अंश सेल्सियसला वितळतं. ते कडक करायला त्यात अँटिमनी आणि कथील घालतात. जुन्या छापखान्यांतला लायनोटाइप धातू म्हणजे ८४ टक्के शिसं, १२ टक्के अँटिमनी आणि ४ टक्के कथील. तो शुद्ध शिशाच्या चौपटीहून कडक, पण वितळतो मात्र २४० अंशांच्या आसपास. वितळणं हेच लेडिंगचं कारण असतं, तर कडक गोळीनं बॅरल जास्त भरायला हवं होतं. म्हणजे मेसेजनं सांगितलेलं कारण आणि सुचवलेला उपाय एकमेकांच्याच विरोधात जातात.

खरं कारण बहुतेक वेळा मापात असतं. गोळी बॅरलच्या आतल्या पीळदार खाचांच्या तळापर्यंत घट्ट बसली नाही, की दारूचा तापलेला वायू त्या फटीतून गोळीच्या कडेनं पुढे घुसतो, शिसं खरवडतो आणि पुढच्या पोलादावर फवारतो. मागून येणारी गोळी तोच थर इस्त्री केल्यासारखा दाबून पक्का करते. म्हणूनच गोळ्या ओतणारे खाचांच्या व्यासापेक्षा गोळी इंचाचा एक हजारांश भाग जाड ठेवतात. म्हणजे ०.०२५ मिलिमीटर. सातपूर-अंबडच्या टूलरूममध्ये काम करणाऱ्यांना या मापाची किंमत सांगायला नको.

आता कडकपणाकडे येऊ. शुद्ध शिशाचा ब्रिनेल अंक (धातूच्या कडकपणाचं माप) साधारण ५, लायनोटाइपचा २२. ओतकाम करणाऱ्यांचा एक ठोकताळा आहे: ब्रिनेल अंकाला १४२२नं गुणलं, की गोळी मागून फुगून फट बुजवायला लागणारा दाब पीएसआयमध्ये (पौंड प्रति चौरस इंच) मिळतो. लायनोटाइपसाठी तो येतो ३१ हजारांवर. .३८ स्पेशलच्या काडतुसाची दाबाची कमाल मर्यादाच १७ हजार, आणि .३२ एस अँड डब्ल्यू लाँगची १५ हजार. एवढ्या दाबाला कडक गोळी फुगणारच नाही. फट राहील आणि वायू निसटत राहील. शुद्ध शिशाला मात्र सात हजार पुरतात. ठोकताळा म्हणजे नियम नव्हे, पण दिशा तो बरोबर दाखवतो. ३५ हजारांच्या .३५७ मॅग्नमला कडक गोळी लागते हे मान्य. तिथे मऊ गोळी खाचांत न फिरता सरळ घसरत जाते आणि शिसं सोलवटतं. तेवढ्यापुरता मेसेज खरा आहे. फक्त ती गोष्ट मॅग्नमची, आणि मेसेज ती सरसकट सगळ्यांच्या गळ्यात मारतोय.

आपलं वॅडकटर हा याचा रोजचा पुरावा आहे. मऊ शिसं, बुडाला पोकळी, आणि दाब पडला की त्या पोकळीची पातळ भिंत पसरून बॅरल गच्च धरते. जसपाल राणांनी १९९४ला हिरोशिमात आणि २००६ला दोह्यात ज्या २५ मीटर सेंटर फायर प्रकारात आशियाई सुवर्ण जिंकलं, त्या प्रकारात जगभर .३२चं हेच मऊ वॅडकटर मोठ्या प्रमाणावर चालतं. मऊपणा हाच दोष असता तर ते इतकं टिकलं नसतं.

मग आपल्या बॅरलमध्ये काय बिघडलंय ते ओळखायचं कसं? शिसं कुठे बसलंय ते बघून. मॅगझिन बाहेर, चेंबर (बॅरलच्या मागची काडतूस बसायची जागा) रिकामं, हे दोनदा तपासा. बॅरल सुटत असेल तर सोडवून घ्या. आधी नेहमीच्या सॉल्व्हंटनं काजळी आणि गोळीवर वंगण म्हणून असलेलं मेण काढा, कारण अर्ध्या तक्रारी लेडिंगच्या नसतातच, ते नुसतं मेण आणि दारूची राख असते. मग एका टोकाला पांढरा कागद धरून त्यावर टॉर्च मारा आणि दुसऱ्या टोकानं आत बघा. शिसं असेल तर खाचांच्या कडेनं करड्या, खरबरीत रेघा दिसतात. कोरडा ब्रश फिरवला की कागदावर चंदेरी पापुद्रे पडतात. काजळी काळी पडते आणि बोटाला लागते, पापुद्रा चमकतो.

या रेघा चेंबरच्या लगेच पुढे असतील तर संशय मापावर. रिव्हॉल्व्हर असेल तर सिलिंडरची, म्हणजे काडतुसं बसतात त्या फिरत्या नळकांड्याची, तोंडंही मोजायला हवीत. ती बॅरलपेक्षा अरुंद असली की गोळी बॅरलमध्ये शिरण्याआधीच बारीक होते, मग तुम्ही कितीही जाड गोळी आणा. रेघा बॅरलच्या तोंडाकडे असतील तर वंगण वाटेतच संपतंय. .२२मध्ये हे थंडीत जास्त जाणवतं. निफाडचा पारा बातम्यांत यायला लागला की सकाळच्या सरावात गोळीवरचं मेण कडक झालेलं असतं. सबंध लांबीभर सारख्याच रेघा असतील तर बॅरलचा खरबरीतपणा तपासा. माप काढायला मऊ शिशाचा तुकडा पितळी दांड्यानं बॅरलमधून ढकलतात आणि त्यावर उमटलेला खाचांचा ठसा मायक्रोमीटरनं मोजतात. खाचा पाच असतील तर साधा मायक्रोमीटर फसवतो, कारण खाचेसमोर खाच येत नाही, व्ही-ॲन्व्हिलचा (व्ही आकाराच्या टेकूचा) लागतो. हे काम क्लबच्या आर्मररकडूनच (शस्त्र दुरुस्त करणाऱ्याकडून) करून घ्या.

जॅकेटेड गोळीचा उपाय आपल्याकडे नियमातच बसत नाही. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघ) २५ मीटर पिस्तूल प्रकारांत शिशाच्या किंवा तशाच मऊ धातूच्या गोळीलाच परवानगी आहे, जॅकेट चालत नाही. वॅडकटरसाठी बनवलेल्या .३२ मॅच पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये टोकदार गोळीचं लांब काडतूस मावतही नाही. आणि जिथे मावतं तिथेही शिशाचा थर आधीच जागा अडवून बसलेला असतो. त्यावरून कडक जॅकेट दामटलं तर दाब वाढतो आणि थर निघण्याऐवजी चोपून बसतो. वरवर चकाकी दिसते, म्हणून लोक फसतात.

व्हिनेगर-पेरॉक्साइडबद्दल मात्र मला खरोखर काळजी वाटते. शिसं त्यानं निघतं, हे खरं आहे, आणि म्हणूनच ते धोक्याचं आहे. पेरॉक्साइड शिशाचं ऑक्साइड करतं, व्हिनेगरमधलं ॲसिटिक आम्ल ते विरघळवतं, आणि तयार होतं लेड ॲसिटेट. धातूचा पापुद्रा निदान डोळ्यांना दिसतो आणि पुसून टाकता येतो. लेड ॲसिटेट पाण्यात विरघळतं, चवीला गोड असतं आणि पोटात गेलं तर धातूपेक्षा कितीतरी सहज अंगात भिनतं. ते द्रावण बाथरूमच्या मोरीत ओतलं की कुठे जाणार? आपल्या शहरात शेवटी गोदावरीकडेच. वर व्हिनेगरनं ब्लूइंग (पोलादावरचा गंजरोधक काळपट-निळा थर) उडतं, आणि द्रावण जास्त वेळ राहिलं तर पोलादावरही चरे पडतात. महागड्या मॅच बॅरलचं नुकसान करून घ्यायचा याहून सोपा मार्ग नाही.

शिसं काढायला साधनं साधी लागतात. भेदक तेल घालून रात्रभर ठेवायचं. मग जुन्या ब्राँझ ब्रशवर तांब्याच्या घासणीचे धागे गुंडाळून, शक्य असेल तिथे चेंबरच्या बाजूनं, मोजके हात मारायचे. घासणी भांडीबाजारातून आणाल तर चुंबक बरोबर न्या. बऱ्याचशा घासण्या आतून लोखंडी असतात, वर नुसता तांब्याचा मुलामा. चुंबकाला चिकटली तर ती भांड्यांसाठी ठेवा. आणि तांबं काढणारं अमोनियाचं सॉल्व्हंट शिशावर काहीही करत नाही, त्यावर पैसे घालवू नका.

कातडीचा मुद्दा अर्धाच खरा आहे. धातुरूप शिसं कातडीतून फारसं जात नाही, पण ते हातावरून तोंडात जातं आणि धूळ होऊन श्वासात जातं. .२२च्या प्रायमरमध्येही (दारू पेटवणाऱ्या मसाल्यात) सहसा शिशाचं संयुग असतं, त्यामुळे बंद रेंजवर धुरातूनही ते येतं. मोठ्यांपेक्षा लहान मुलांच्या शरीरात ते जास्त शोषलं जातं आणि मेंदूच्या वाढीवर परिणाम करतं. त्यांच्यासाठी सुरक्षित अशी कोणतीही पातळी माहीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ज्या फरशीवर मूल रांगतं तिथे बॅरल घासायचं नाही, स्वयंपाकघराच्या ओट्यावर तर मुळीच नाही. हातमोजे घाला, खाली वर्तमानपत्र अंथरा, काम झाल्यावर झाडू न मारता ओल्या फडक्यानं पुसा. चिंध्या आणि पापुद्रे बंद डब्यात साठवून रेंजवर जिथे वापरलेलं शिसं गोळा करतात तिथे द्या. हात साबणानं धुतल्याशिवाय चहाचा कपही उचलू नका, आणि रेंजवरचा टी-शर्ट मुलांच्या कपड्यांबरोबर धुवायला टाकू नका.

ग्रुपवर लेडिंगबद्दल विचारायचं असेल तर एवढं लिहा: कोणतं पिस्तूल, कोणतं काडतूस, रेघा चेंबरकडे की तोंडाकडे, आणि किती फैरींनंतर दिसायला लागल्या. तो मेसेज तुमच्याकडे आलाच, तर व्हिनेगरचा परिच्छेद काढून टाकल्याशिवाय कुणालाही पाठवू नका.