ऑर्केस्ट्रा बारच्या गोष्टीत वाजवणारे कुठे असतात?

मुंबईच्या बारवर कुणी काही लिहिलं किंवा दाखवलं की त्यात दोनच माणसं असतात. नाचणारी बाई आणि नोटा उधळणारा शेठ. मागे कीबोर्डवर वाकलेला, ढोलक घेऊन बसलेला जो कुणी असतो, तो कायम धूसर. मी त्या धूसर जागेवर नव्वदचं सगळं दशक आणि वर आणखी काही वर्षं काढली. रडगाणं गायचं नाहीये, पण तक्रार आहे, आणि ती आता कुठे नीट मांडता येतेय.

आधी काम काय होतं ते सांगतो, कारण ते कुणी विचारतच नाही. बारमध्ये गाणं किती मोठं होणार हे पार्टी ठरवते. पार्टी म्हणजे गिऱ्हाईक. फर्माईशीची चिठ्ठी यायची, गायिका मान वळवून नुसतं "काळी चार" म्हणायची, म्हणजे तिची गायची पट्टी, आणि सुरू. मुखडा, म्युझिक, अंतरा. नोटा येत असल्या तर तोच अंतरा पुन्हा, मुखडा आणखी दोनदा, ढोलकवाल्याची तिहाई, परत मुखडा. नोटा थांबल्या की गाणं तिथेच कापायचं. आमच्या माना खाली, हॉलवर नजर ठेवायची ती ऑक्टोपॅडवाल्याने, म्हणजे काठ्यांनी वाजवायचा इलेक्ट्रॉनिक ड्रम सांभाळणाऱ्याने. त्याने छोटा रोल दिला की समजायचं, आवरा. कित्येक गाण्यांचे दुसरे अंतरे मी जन्मात वाजवले नाहीत, कारण तिथवर कुणी पैसे दिलेच नाहीत. पण कुठल्याही गायिकेच्या पट्टीत, कुठलंही गाणं, आयत्या वेळी, मधल्या म्युझिकसकट काढायची सवय लागली ती तिथेच. लग्नात आणि स्टेज शोला मिरवणाऱ्या भल्याभल्यांना ते जमत नव्हतं. (नंतर आमच्या लाइनीत ट्रान्सपोजचं, म्हणजे पट्टी आपोआप बदलणारं बटण असलेले कीबोर्ड आले आणि ज्यांना जमत नव्हतं त्यांचंही भागलं. तो विषय वेगळा.)

पैसे रोजचे रोज, नाइटवर. टिपांचा हिशोब मालक आणि गायिका यांच्यात, आमच्यापर्यंत यायचं ते लीडरच्या मर्जीने. स्टेजवर एसीचा झोत थेट अंगावर, तबल्याच्या पुडीचं चामडं ताणून सूर चढायचा आणि पाच मिनिटांत हातोडी शोधावी लागायची. जायचा-यायचा रस्ता किचनमधून. शेवटची लोकल गेलेली असायची, मग पहिल्या लोकलपर्यंत स्टेशनबाहेर चहा. लग्नाच्या बोलणीत "मुलगा हॉटेल लाइनमध्ये आहे" असं सांगितलं जायचं. खोटं नव्हतंच ते.

आमच्या ग्रुपमध्ये एक गोवेकर अंकल होते, सॅक्सोफोनवाले. ते आम्हाला ऐकवायचे की हॉटेलात वाजवणं हे एके काळी मानाचं काम होतं. चिक चॉकलेट म्हणजे आल्दोनचे अँटोनियो झेवियर वाझ, ताजमध्ये ट्रम्पेट वाजवत आणि सी. रामचंद्रांच्या गाण्यांतही. त्या पिढीचं पोट अवघड झालं ते १९५० च्या दारूबंदीने. दारू गेली की बँड कशाला ठेवायचा? पण त्यांच्याकडे स्टाफ नोटेशन, म्हणजे पाश्चात्त्य पद्धतीने कागदावर लिहिलेले सूर, होतं, सिनेमाचे स्टुडिओ होते, पुढे स्वतःची असोसिएशनही झाली. अंकल म्हणायचे, तुमच्याकडे काय आहे? आम्ही हसायचो. आमच्याकडे फर्माईशीची वही होती.

आणि मग २००५ चा पावसाळा आला. त्या साली डान्सबार बंदी झाली एवढंच लोकांना आठवतं. आमच्यासाठी एका महिन्यात तीन गोष्टी झाल्या. १८ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने रात्री दहानंतरच्या लाउडस्पीकरबंदीवर शिक्कामोर्तब केलं. नियम २००० सालचाच, पण तोवर गल्लीत तो मानत कोण होतं? गणपतीत, नवरात्रात, गावच्या जत्रेत पहाटेपर्यंत चालणारे ऑर्केस्ट्रे हा आमचा बारबाहेरचा आधार होता. तो गेला. २६ जुलैला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि कुर्ल्याच्या एका बारच्या तळघरात ठेवलेला माझा कीबोर्ड दोन स्पीकरसकट पाण्यात बसला. हप्ते चालू होते त्याचे. आणि ऑगस्टच्या मध्यावर बंदी लागू झाली.

बंदी नाचावर होती, गाण्यावर नाही, हे मला लोक आजही समजावून सांगतात. कागदावर बरोबर आहे. ऑर्केस्ट्राचा परवाना १९६० च्या नियमांखाली मिळतो, ज्यांच्या नावातच मेळे आणि तमाशे आहेत, आणि तो चालूच राहिला. पण प्रत्यक्षात काय झालं? नाचणाऱ्या मुलींच्या हातात माइक दिले आणि त्यांना स्टेजवर गायिका म्हणून उभं केलं. त्यांचा काय दोष, त्यांनाही पोट होतं. गाणं सीडीवर वाजायचं. मग ढोलक, तबला, गिटार, बेस यांना रोज नाइट कोण देणार? परवान्याला दाखवायला एक कीबोर्डवाला पुरे, तोही पुष्कळदा नुसती बोटं फिरवणारा. आम्हाला कायद्याने थेट हात लावलाच नाही. कायद्यामुळे मालकांना स्वस्तातली युक्ती सुचली, आणि तिने आम्हाला घालवलं.

त्या बंदीतून तीन तारे आणि त्यावरची हॉटेलं वगळली होती. हा भेदभाव उच्च न्यायालयाला २००६ मध्ये पटला नाही, सर्वोच्च न्यायालयानेही २०१३ मध्ये बंदी उठवण्यावर मोहोर लावली. बारबालांची युनियन होती, ती रस्त्यावर उतरली, त्यांची बाजू निदान पेपरात छापून आली. आम्ही वादक कुठेच नव्हतो. याला सरकार जबाबदार नाही, मीडिया नाही. आमचा तोरा जबाबदार. आम्ही कलाकार, आम्ही काय झेंडे घेऊन उभं राहायचं? मालकाकडे पगाराची पावती मागणंही कमीपणाचं वाटायचं. वेटरला हजेरीचं पुस्तक होतं, आम्हाला तेही नाही.

पुढे स्टेजवर चार बायका आणि चार पुरुष अशी अट होती, ती फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काढली. एकूण आठच, पण कितीही बायका, कितीही पुरुष. मित्रांनी मला बातमी पाठवली, अभिनंदन केल्यासारखी. आठ जण वाजवणारे ठेवतोय कोण आता!

सध्या माझ्यापुढे प्रश्न आहे आमच्या ऑक्टोपॅडवाल्याचा. साठी उलटली, गुडघे गेले. राज्य सरकार ज्येष्ठ कलाकारांना महिना पाच हजार मानधन देतं, त्याचा अर्ज मी भरतोय त्याच्यासाठी. कलाक्षेत्रातल्या कामाचे पुरावे जोडायचेत. कात्रणं, प्रमाणपत्रं, कार्यक्रमपत्रिका. त्याच्याकडे आहे एक फोटो, त्यात गायिका आहे, मागे लाल दिवा आहे आणि एका कोपऱ्यात काठी धरलेला अर्धा हात आहे. तो हात त्याचाच, हे मी प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यायला तयार आहे. जुन्या लाइनमधल्या कुणाकडे त्या वर्षांचं लीडरच्या सहीचं एखादं बिल, एखादं नाव छापलेलं गणपतीचं हँडबिल असेल, तर या महिन्यात मला पोचवा.