बातमीला बंदी, प्रचाराला मुभा

2024च्या नोव्हेंबरात विधानसभेचा प्रचार शिगेला पोचला होता, तेव्हा ज्यांनी रिक्षात किंवा गाडीत खासगी एफएम ऐकले असेल, त्यांना आठवत असेल की गाण्यांच्या मधल्या जागेत सत्ताधाऱ्यांच्या आणि विरोधकांच्या जाहिराती आलटून पालटून वाजत होत्या. त्यांना कायद्याची आडकाठी नाही. निवडणूक आयोगाच्या समितीकडून जाहिरात आधी प्रमाणित करून घेतली आणि दरपत्रकाप्रमाणे पैसे मोजले की झाले. मात्र त्याच केंद्रावरच्या आरजेने, म्हणजे निवेदकाने, त्याच जाहिरातीतल्या एखाद्या आकड्याची शहानिशा करून तो खोटा असल्याचे सांगितले असते, तर ती बातमी ठरली असती, आणि स्वतःची बातमी देण्याची परवानगी खासगी एफएमला नाही. रेडिओच्या राजकीय पक्षपाताचा विषय निघाला की आपण आकाशवाणी कोणाची तळी उचलते यावर वाद घालतो. मला त्याहून मोठा पक्षपात, रेडिओवर कोणी बोलायचे हे सरकारनेच ठरवण्यात दिसतो.

2011च्या एफएम धोरणानुसार खासगी केंद्रांना आकाशवाणीची बातमीपत्रे एका अक्षराचाही फरक न करता पुन्हा ऐकवता येतात. त्याखेरीज वाहतूक, हवामान, परीक्षांचे निकाल, पाणी आणि वीजपुरवठ्याच्या सूचना, नैसर्गिक आपत्तीची माहिती, खेळांचे समालोचन एवढे चालते. म्हणजे पुण्यातल्या आरजेने सिंहगड रस्त्यावर कोंडी झाली आहे हे सांगावे, पण तिथल्या रस्त्याचे काम कोणाला दिले होते आणि ते वेळेत का झाले नाही, या प्रश्नांना हात घालू नये. साहजिकच जे बातमीतून सांगता येत नाही ते थट्टेतून सांगण्याची वाट शोधली जाते. 2017च्या पावसाळ्यात आरजे मलिष्काने मुंबईच्या खड्ड्यांवर विडंबनगीत केले, तेव्हा महापालिकेत सत्तेवर असलेल्या शिवसेनेच्या नगरसेवकांनी तिच्यावर 500 कोटींचा अब्रुनुकसानीचा दावा लावण्याची मागणी केली, आणि त्याच सुमारास तिच्या घरात डासांच्या अळ्या सापडल्याची महापालिकेची नोटीसही येऊन पोचली. एका विडंबनाला एवढे उत्तर मिळत असेल, तर साध्या, पुराव्यानिशी दिलेल्या बातमीची धास्ती किती असेल!

ही धास्ती आजच्या सरकारची निर्मिती नाही, आणि हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण या विषयावर दोन्हीकडचे लोक सोयीस्कर ठिकाणापासून इतिहास सुरू करतात. 1942च्या ऑगस्टमध्ये उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी मुंबईत गुप्तपणे काँग्रेस रेडिओ सुरू केला. पोलिसांना सुगावा लागू नये म्हणून जागा बदलत त्यांनी तो जेमतेम तीन महिने चालवला आणि नोव्हेंबरात ते पकडले गेले. 1955पासून लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई यांनी आंबोलीच्या जंगलातून गोव्यातल्या पोर्तुगीज सत्तेविरुद्ध तेच केले. दोन्ही केंद्रे उघडउघड एका बाजूची होती, आणि त्याविषयी कोणी तक्रार करणार नाही. ज्या काँग्रेसने चोरून रेडिओ चालवला, तिने सत्तेवर आल्यावर मात्र ब्रिटिशांनी ठेवलेली मक्तेदारी जशीच्या तशी उचलली. 1952 ते 1962 ही दहा वर्षे बाळकृष्ण केसकर नभोवाणी मंत्री होते. त्यांना सिनेसंगीत खपत नसे, त्यामुळे ते संगीत आकाशवाणीवरून जवळपास हद्दपार झाले आणि अवघा देश श्रीलंकेतल्या रेडिओ सिलोनकडे वळला. एका मंत्र्याच्या आवडीनिवडीला एवढी ताकद मिळत असेल, तर सत्तेच्या गरजेला किती मिळेल हे 1975ने दाखवले. 26 जूनच्या सकाळी आणीबाणी जाहीर झाल्याचे पंतप्रधानांनी आकाशवाणीवरूनच सांगितले. त्यानंतर काही दिवसांतच माहिती मंत्री इंद्रकुमार गुजराल यांच्या जागी विद्याचरण शुक्ल आले, आणि सरकारी प्रचाराच्या कार्यक्रमाला नकार देणाऱ्या किशोरकुमारांची गाणीसुद्धा पुढे बंद झाली. लोक ‘ऑल इंदिरा रेडिओ’ म्हणू लागले ते उगीच नाही. 31 ऑक्टोबर 1984 रोजी इंदिरा गांधींची हत्या झाली तेव्हा बीबीसीने ती बातमी दिल्यानंतर कित्येक तासांनी, संध्याकाळी, आकाशवाणीने ती दिली. स्वतः राजीव गांधींनाही बंगालच्या दौऱ्यात खात्रीची बातमी बीबीसीवरूनच समजली, यापेक्षा बोलके उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

जनता सरकारने नेमलेल्या वर्गीज समितीने आकाशवाणी आणि दूरदर्शनसाठी स्वायत्त न्यासाची शिफारस केली होती. प्रत्यक्षात ही दोन्ही माध्यमे प्रसार भारती या महामंडळाकडे सोपवणारा 1990चा कायदा अमलात यायला 1997 उजाडले, आणि त्यातही केंद्र सरकारला निर्देश देण्याचा अधिकार राहिला, पैशांसाठी सरकारच्या तोंडाकडे पाहणेही राहिले. 2017च्या स्वातंत्र्यदिनी त्रिपुराचे तत्कालीन मुख्यमंत्री माणिक सरकार यांचे भाषण बदल केल्याशिवाय प्रसारित करण्यास आकाशवाणी आणि दूरदर्शनने नकार दिला. तिथे काही स्वायत्तता असलीच, तर ती निवडून आलेल्या एका मुख्यमंत्र्याविरुद्ध वापरली गेली असे म्हणावे लागेल.

आकाशवाणीची सकाळची प्रादेशिक बातमीपत्रे मी आवर्जून ऐकतो, आणि त्यांच्यावर खोटेपणाचा आरोप मी करणार नाही. आवाज चढवायचा नाही, विशेषणे लावायची नाहीत, नाव आणि आकडा नीट उच्चारायचा, ही शिस्त दूरचित्रवाणीवरच्या आरडाओरड्यानंतर औषधासारखी वाटते. तिथला पक्षपात क्रमात आणि वगळण्यात असतो: आधी पंतप्रधान, मग मुख्यमंत्री, मग मंत्र्यांनी केलेली उद्घाटने, विरोधकांना जमल्यास एक वाक्य, आणि हवामान. सरकारी योजना जाहीर झाल्याची बातमी येते, त्या योजनेचे पैसे अडकल्याची क्वचितच. ‘मन की बात’ला माझा आक्षेप नाही. 3 ऑक्टोबर 2014 पासून पंतप्रधान रेडिओवर बोलत आहेत, त्यामुळे या माध्यमाकडे लोकांचे लक्ष वळले हे मान्य करायला हवे. आक्षेप आहे तो त्याला जोड नसण्याचा. अमेरिकेत रेगन यांनी 1982मध्ये दर आठवड्याचे रेडिओ भाषण सुरू केले, तेव्हा विरोधी पक्षाच्या उत्तरालाही जागा मिळू लागली. आपल्याकडे विरोधी पक्षनेत्याला महिन्यातून दहा मिनिटे आकाशवाणीवर द्यावीत, ही सूचना कोणी गांभीर्याने मांडतही नाही.

अमेरिकेचेच उदाहरण माझ्या विरोधातही वापरता येते. तिथला दोन्ही बाजू ऐकवण्याचा नियम 1987मध्ये रद्द झाला, पुढच्याच वर्षी उजव्या विचारांचे निवेदक रश लिम्बॉ यांचा कार्यक्रम देशभर सुरू झाला, आणि एकाच बाजूने तासन्‌तास बोलणारा रेडिओ हा मोठा धंदा बनला. आपल्या वृत्तवाहिन्या पाहता, खासगी हातात दिले की पक्षपात संपतो असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. पण म्हणून बंदी घालायची तर ती उपग्रह वाहिन्यांवर आणि यूट्यूबवर का नाही? बातम्यांवरील बंदीविरुद्ध ‘कॉमन कॉज’ या स्वयंसेवी संस्थेने 2013मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, तेव्हा सरकारने सुरक्षेचे कारण पुढे केले. ज्या न्यायालयाने 1995मध्ये, न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या निकालपत्रातून, ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे ठणकावून सांगितले होते, त्याच न्यायालयात हा युक्तिवाद झाला. रेडिओचीच भीती का, याचे खरे उत्तर बहुधा तो स्वस्त आहे, स्थानिक आहे आणि ज्याला वाचता येत नाही त्यालाही समजतो, हे असावे.

रेडिओच्या भवितव्याची चर्चा सहसा तंत्रज्ञानाभोवती फिरते. नॉर्वेने 2017मध्ये राष्ट्रीय केंद्रांचे एफएम प्रसारण थांबवून डिजिटलची वाट धरली, आपल्याकडे नव्या फोनमधून एफएम गायब होऊ लागले, वगैरे. हे सारे खरे आहे, पण गाणी आता प्रत्येकाच्या खिशात आहेत, त्यामुळे नुसत्या गाण्यांवर रेडिओ तगणार नाही. त्याच्याकडे उरते ते आपल्या गावाविषयी, आपल्या भाषेत, आत्ता बोलणे, आणि नेमके तेच नियमाने अर्धे कापले आहे. दूरसंचार नियामकाने 2023च्या सप्टेंबरमध्ये खासगी एफएमला तासाला 10 मिनिटे बातम्या देऊ द्याव्यात, अशी शिफारस केली. 2024च्या ऑगस्टमध्ये मंत्रिमंडळाने 234 शहरांतील 730 नव्या वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली. बातम्यांची परवानगी मात्र त्यासोबत आली नाही.

माझ्या मते सुरुवात सामुदायिक रेडिओपासून, म्हणजे स्थानिक संस्था आपल्या परिसरासाठी चालवतात त्या छोट्या केंद्रांपासून व्हावी, कारण तिथे जाहिरातदार बड्या भांडवलाचा नसतो आणि ऐकणारा बोलणाऱ्याला ओळखतो. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात म्हसवडला 2008पासून माणदेशी तरंग वाहिनी चालते. दुष्काळी भागातल्या या केंद्राला शेती, आरोग्य, लोकगीते, बचत यांवर बोलता येते. पाण्याच्या टँकरची फेरी कोणत्या वाडीला मिळाली आणि कोणत्या वाडीला नाही, हा प्रश्न घेतला की मात्र तो चालू घडामोडी आणि राजकारण यांच्या हद्दीत जातो, आणि 2006च्या धोरणाने सामुदायिक रेडिओला नेमके तेच वर्ज्य ठरवले आहे. परवानगी देताना अटी खुशाल कडक असाव्यात: जाहिरात आणि बातमी वेगळी ऐकू यावी, केंद्रामागे पैसा कोणाचा हे जाहीर असावे, निवडणुकीत सर्व उमेदवारांना सारखा वेळ मिळावा, आणि तक्रारीचा निवाडा मंत्रालयाने न करता स्वतंत्र मंडळाने करावा. या अटींवर म्हसवडच्या नगरपालिका निवडणुकीत सगळ्या उमेदवारांना एका माइकसमोर बसवून टँकरचा हिशेब विचारायला काय हरकत आहे, याचे उत्तर सुरक्षेचे कारण सांगणाऱ्यांनी द्यावे.