दुसऱ्या मजल्यावरचे परीक्षक

मुंबईत बाहेर जेवायला जाण्यासाठी पूर्वी भूक लागणे एवढी एकच पात्रता पुरत असे. आता त्याआधी मोबाईलवर तासभर अभ्यास करावा लागतो. गेल्या शनिवारी आमच्या घरी हा अभ्यास सुरू झाला तेव्हा मी माझा साधा प्रस्ताव मांडला होता, की दादरलाच जायचे असेल तर 'आस्वाद'मध्ये जाऊ, थालीपीठ खाऊ आणि दहाच्या आत घरी येऊ. ज्या हॉटेलची मिसळ २०१५ साली लंडनच्या एका पुरस्कारात जगातला सर्वांत चविष्ट शाकाहारी पदार्थ ठरली, त्याला 'नेहमीचे' म्हणून नाकारणे हा मला अजूनही शुद्ध कृतघ्नपणा वाटतो. परंतु कन्येचे म्हणणे असे पडले, की तिथे आपण जेवतो, बाहेर जात नाही. सौभाग्यवतींनी मान डोलावली आणि ठराव दोन विरुद्ध एक मतांनी फेटाळला गेला.

मग गुणांकन पाहणे आले. माहीमपासून प्रभादेवीपर्यंतची यच्चयावत उपाहारगृहे ४.२ आणि ४.५ यांच्या दरम्यान कोंबलेली असल्यामुळे त्यातून निवड करणे म्हणजे फक्त डोळ्यांना व्यायाम. एका सज्जनांनी एका ठिकाणच्या जेवणाची तोंडभरून स्तुती करून शेवटी गाडी लावायला जागा मिळाली नाही म्हणून एकच तारा दिला होता. जणू त्यांना गाडीसाठी पास्ता हवा होता. अखेर कन्येने कीर्ती महाविद्यालयाच्या बाजूच्या एका गल्लीतला बिस्त्रो निवडला. जुन्या तीन मजली इमारतीच्या तळमजल्यावर दहाएक टेबले, आतली तार दिसणारे पिवळे दिवे आणि भिंतीवर खडूने लिहिलेले पदार्थांचे फलक होते. जवळ जाऊन पाहिले तेव्हा कळले, की ते खडूने लिहिल्यासारखे छापून घेतलेले होते.

दारातच एका चुणचुणीत मुलाने आम्हाला थांबवले. त्याने नाव विचारले, मोबाईल क्रमांक विचारला, जन्मतारीख विचारली आणि लग्नाचा वाढदिवसही विचारला. मी त्याला सौम्यपणे सांगितले, की ग्राहकाकडे मोबाईल क्रमांकाची सक्ती करू नये, अशी सूचना केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२३ सालीच दुकानदारांना दिलेली आहे. तो त्याहून सौम्यपणे म्हणाला, "सर, नंबर नाही दिला तर नंबर नाही लागणार." मी क्रमांक दिला. लग्नाच्या वाढदिवसाची तारीख सौभाग्यवतींनी दिली, कारण ती मला चटकन आठवेना, आणि त्यामुळे पुढच्या अर्ध्या तासाची हवा बिघडली. आतली निम्मी टेबले रिकामी होती आणि त्यांवर 'राखीव' अशा लाकडी पाट्या उभ्या होत्या. माटुंग्याला 'कॅफे मद्रास'बाहेर रविवारी सकाळी माणसे ताटकळतात हे खरे. पण तिथे आत बसलेला प्रत्येकजण प्रत्यक्ष इडली खात असतो, पाटीसाठी कोणी जागा अडवत नाही.

बाहेर प्रतीक्षा करणाऱ्यांसाठी एक बाक होता आणि बाकाशेजारी, स्वतःच्या घरून आणलेल्या घडीच्या खुर्चीवर, एक वयोवृद्ध गृहस्थ बसले होते. पांढरा सदरा, पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा, मांडीवर दोरीने बांधलेली पुठ्ठ्याची फाईल. मला वाटले, हेही टेबलाची वाट पाहत असावेत. तेवढ्यात आतून एक जोडपे बाहेर पडले आणि गृहस्थांनी हात वर करून त्यांना वाहतूक पोलिसाच्या थाटात थांबवले.

"काय घेतलंत?"

"रिसोटो," तो तरुण गांगरून म्हणाला.

"भात कच्चा होता?"

"थोडा होता."

"असतोच. किती झाले?" त्या तरुणाने आकडा सांगितला. गृहस्थांनी तो फाईलवर टिपून घेतला आणि आमच्याकडे वळून, एखादा पुरावा न्यायालयापुढे ठेवावा तसे, "ऐकलंत ना?" एवढेच म्हटले.

पुढे कळले ते असे. हे काका त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर जन्मापासून राहतात. न्यायालयातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले. तळमजल्यावरच्या या जागेत पूर्वी पिठाची गिरणी होती. गिरणीचा आवाज त्यांनी हयातभर सोसला, कारण, त्यांच्याच शब्दांत, "ती रात्री आठला बंद व्हायची आणि गव्हाचा वास माणसाला झोप आणतो." गिरणी गेली, बिस्त्रो आला आणि भटारखान्याचे धुराडे नेमके काकांच्या झोपण्याच्या खोलीच्या खिडकीला खेटून वर चढले. तेव्हापासून त्यांनी तिथला एकही पदार्थ चाखलेला नाही; मात्र तिथला प्रत्येक पदार्थ त्यांना पाठ आहे.

"सात वाजता कांदा. सव्वासातला लसूण, लोण्यात. साडेसातला ते मशरूम. आठनंतर एक उग्र तेल टाकतात, डोकं धरतं, त्याचे ते वेगळे पैसे लावतात." कन्या दबक्या आवाजात म्हणाली, "ट्रफल ऑइल." काकांनी तिच्याकडे कौतुकाने पाहिले आणि शब्द फाईलवर लिहून घेतला. "बुधवारी येऊ नका. बुधवारचा मासा मंगळवारचा नसतो, रविवारचा असतो. आणि कॅरॅमल रोज जाळतात. नवीन पोरगा ठेवलाय, त्याला हात नाही."

एव्हाना बाकावरचे सगळे त्यांच्याभोवती सरकले होते. एका बाईंनी विचारले, की मग घ्यावे तरी काय? काका डोळे मिटून, मान किंचित वर करून थांबले. धुराड्यातून एक भपकारा आला. "आज टोमॅटोचं सूप बरं आहे," ते म्हणाले, "पण तुम्हाला मिळेपर्यंत करपेल." ज्या गुणांकनासाठी आम्ही संध्याकाळ घालवली होती, त्यापेक्षा ही समीक्षा किती तरी नेमकी होती, हे मान्य केलेच पाहिजे, परंतु भुकेल्या माणसाला समीक्षा नको असते.

कायदा हा काकांचा दुसरा विषय. बाटलीचे पाणी मागवू नका, कारण हॉटेलवाल्याने त्यावर छापील किमतीपेक्षा जास्त घेतले तरी चालते, असे सर्वोच्च न्यायालयानेच २०१७ च्या डिसेंबरात सांगितले आहे, हे त्यांनी प्रत्येकाला बजावले. सेवाशुल्काचे मात्र उलट. "४ जुलै २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. बिलात परस्पर लावता येत नाही. हॉटेलवाले दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि २८ मार्च २०२५ ला हरले. काढायला सांगायचं. नाही काढलं तर ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ या नंबरवर, फोन लावायचा." मला विलक्षण स्फुरण चढले. तेवढ्यात चुणचुणीत मुलगा बाहेर आला आणि म्हणाला, "सर, तुमचं टेबल झालं होतं, व्हॉट्सअ‍ॅप केलं होतं, पाच मिनिटं होल्ड केलं, मग पुढच्यांना दिलं." तीन पावलांवर उभ्या असलेल्या माणसाला हाक मारण्याऐवजी त्याला संदेश पाठवायचा आणि त्याने तो वाचला नाही म्हणून त्याची जागा काढून घ्यायची, या शिष्टाचाराला काय म्हणावे ते मला अजून सुचलेले नाही. माटुंग्याचा माणूस निदान रस्त्याभर ऐकू जाईल असे नाव तरी पुकारतो.

शेवटी आम्हाला मधल्या लांब सामाईक टेबलाशी उंच, पाठ नसलेल्या स्टुलांवर बसवण्यात आले. अनोळखी माणसांशेजारी बसून जेवण्याबद्दल माझी तक्रार नाही. जुन्या इराण्याकडे किंवा उडप्याकडे सगळेच तसे बसत आले आहेत. पण तिथे पाय जमिनीला टेकत असत. सौभाग्यवतींचे पाय अधांतरी होते आणि त्या अवस्थेत त्यांनी ५४५ रुपयांचे मशरूम टोस्ट मागवले. आले ते पावाचे दोन काप, त्यांवर मशरूमचा पातळ थर आणि वर हिरव्या पानांचे तीन देठ. पाव इतका चिवट होता, की सुरी लावली की ताटली फिरे. शेजारचा तरुण आपल्या ताटलीची छायाचित्रे घेत होता आणि माझे कोपर चित्रात येते म्हणून त्याने मला दोनदा हात मागे घ्यायला सांगितले. मी घेतला. एवढे पैसे देऊन स्वतःचे कोपर कुठे ठेवावे याची परवानगी मागावी लागणे, ही खरी या शहरातली महागाई.

बिलात १० टक्के सेवाशुल्क होतेच. मी काकांचे स्मरण करून, तारखांसकट, ते काढायला सांगितले. व्यवस्थापकाने हसून मान्य केले आणि तेवढ्याच मोठ्या आवाजात आमच्या वाढप्याला म्हणाला, "अरे, साहेबांचं सर्व्हिस चार्ज काढ." सामाईक टेबलावरच्या आठही माना माझ्याकडे वळल्या. तो वाढपी पोरगा खरोखर चांगला होता. पाणी तीनदा न मागता आणले होते. मग बक्षिसी म्हणून मी त्याच्या हातावर जे ठेवले ते सेवाशुल्कापेक्षा जास्त भरले. कायदा माझ्या बाजूने असूनही मी तोट्यात कसा गेलो, हा हिशेब मला अजून लागत नाही.

बाहेर पडताच हात वर झाला. "काय घेतलंत?" मी मशरूम म्हणालो. काका बाकावरच्या नव्या मंडळींकडे वळले, माझ्या खांद्यावर हात ठेवून मला किंचित पुढे केले आणि म्हणाले, "हे गृहस्थ. यांना मी सांगितलं होतं." मशरूमविषयी त्यांनी मला काहीही सांगितले नव्हते, पण रांगेतली माणसे सहानुभूतीने पाहत होती आणि त्या क्षणी वाद घालण्याइतके पोटात काही नव्हते. त्यांनी बिल फाईलला लावण्यासाठी मागितले. त्यावर वेळ छापलेली असते, आणि हॉटेल किती उशिरापर्यंत चालते याचा तो पुरावा ठरतो म्हणे. मी ते देऊन टाकले.

बिलावर वेळेबरोबर गिऱ्हाइकाचा मोबाईल क्रमांकही छापलेला असतो. आज सकाळी काकांचा फोन आला. धुराड्याच्या तक्रारीची सुनावणी गुरुवारी अकरा वाजता आहे आणि वास खालून वर जातो हे सांगायला त्यांना एक तटस्थ साक्षीदार हवा आहे. मी नम्रपणे नकार दिला. "बरं, मग वहिनींना फोन द्या," ते म्हणाले. सौभाग्यवती त्यांच्याशी बराच वेळ बोलल्या, मध्येच दोनदा हसल्या आणि आम्ही दोघेही येत असल्याचे सांगून त्यांनी फोन ठेवला. गुरुवारची रजा मी टाकली आहे. अर्जात कारण काय लिहावे, एवढाच प्रश्न आहे.